दिवसाआड वेबसाइट

जलसूचना विभागाची वेबसाइट महिन्याच्या मध्यावर बंद पडली, ही बाब विभागाच्या निदर्शनास यायला महिनाअखेर उजाडली. याला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही, कारण विभागातलं कोणीच ती वेबसाइट उघडत नसे. धरण किती भरलं, दरवाजे कधी उघडणार, नदीकाठच्या लोकांनी सामान कधी हलवावं, एवढंच त्या वेबसाइटवर असायचं. आणि विभागातले सगळे राहायचे टेकडीवर.

वेबसाइट सांभाळायला एक बाई नेमलेली होती. तिला सगळे नेटवाली म्हणत. तिलाही ही बातमी विभागाकडून कळली नाही, सख्ख्या भावाकडून कळली. दादाची नदीकाठाला रोपवाटिका होती. शेकडो कुंड्या, रोपांच्या पिशव्या, एक पंप आणि वहिनीने जिवापाड जपलेली कलमं, असा सगळा संसार काठावर मांडलेला. रोपांना पाणी लागतं हे खरं, पण ते सांगून आलेलं बरं असतं.

“तुझी ती साइट उघडेना,” दादा फोनवर म्हणाला. “नुसतं पांढरं पान. आधी निदान तो थेंब तरी पडायचा.”

थेंब नेटवालीचाच होता. वेबसाइट उघडली की वरून निळा थेंब टपकायचा, खाली पाण्यात वर्तुळं उठायची, आणि मग पान दिसायचं. नोकरीला लागल्या लागल्या तिने तो केला होता. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाची ऊब अजून गेली नव्हती.

“उघडेल रे. मी साहेबांना सांगते.”

“साहेबांना सांग नाहीतर धरणाला सांग. दोघांतल्या एकाने तरी ऐकायला पाहिजे. मला सगळं बांधावर न्यायला अर्धा दिवस लागतो, माहितीये ना तुला? पूर्वी भोंगा होता. मेला कानठळ्या बसवायचा, पण उठवायचा तरी.”

भोंगा विभागाने काढून टाकला होता. वेबसाइट असताना भोंगा ठेवणं म्हणजे एकच काम दोनदा करणं, आणि विभागाला कुठलंही काम एकदा करायचीही फारशी सवय नव्हती.

नेटवालीने टिपण लिहिलं आणि बैठक लागली. संचालकांनी गंभीरपणे विचारलं, “बाई, हे बँडविड्थ म्हणजे नेमकं काय?”

तिने तयारी केली होती. ती म्हणाली, “साहेब, एका माणसाने आपलं पान उघडलं की ते पान जेवढं जड, तेवढा डेटा आपल्याकडून त्याच्या फोनवर जातो. जितकी माणसं येतील, तितके पट. असा महिन्याला किती डेटा जाऊ द्यायचा, ते आपल्याला ठरवून मिळालंय. ते संपलं की साइट बंद. आणि एका वेळेला किती जाऊ शकतो, ती बँडविड्थ. पाऊस वाढला की सगळे एकदम बघायला येतात. हिशोब त्या दिवसाचा धरायला हवा. पाइप समजा ना.”

इथे तिचं चुकलं. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाची हयात पाइपात गेली होती. पाइप म्हणताच झोपलेले जागे झाले, जागे होते ते पुढे सरकले, आणि तिचं बाकीचं बोलणं ऐकायची कोणाला गरज उरली नाही.

“गळती,” गळती अभियंता म्हणाले. त्यांचा या विषयातला अधिकार मोठा होता. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही गळती थांबवली नव्हती, पण शोधल्या पुष्कळ होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं जमिनीतली गळती ऐकायची लोखंडी कांडी घेऊन इमारतीतल्या वायरींच्या कडेकडेने फिरली. कांडीचं एक टोक वायरीला, एक कानाला. अहवाल आला: ‘गळती आढळून आली नाही. तथापि वायर सर्वत्र कोरडी असल्याने पुरवठाच होत नसावा.’

नेटवालीने पुन्हा वेळ मागून घेतली. या वेळी ती पाइपाच्या वाटेला गेली नाही. “आपलं पानच जड आहे, साहेब. सगळ्यात वर तुमचा फोटो आहे, तो कॅमेऱ्यातून निघाला तसाच टाकलाय. चौकात लावायच्या फलकाएवढा आहे तो. त्याखाली तुमचा स्वागताचा व्हिडिओ, तो आपोआप सुरू होतो. आणि तळाशी धरणाची सूचना. ती एक ओळ तुमच्या कोटाच्या एका बटणापेक्षा हलकी आहे.”

संचालक मनाने मोठे होते. “मग बटण काढा,” ते म्हणाले.

बटणाने भागणार नाही हे कळल्यावर फोटो लहान करायचं ठरलं, आणि तो पडद्यावर तिकिटाएवढा दिसू लागला. फाइल मात्र तीच होती. नेटवाली म्हणाली, हत्ती लांब उभा केला म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. हत्ती नेमकं कोणाला म्हटलं, यावर बैठक बराच वेळ भरकटली. फाइल खरोखर हलकी करणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. पण तसं केलं की साहेबांच्या चेहऱ्यावरची तकाकी जाते, असं आढळून आलं. तकाकी ही विभागाची प्रतिमा असल्याने ती अबाधित ठेवावी, असा ठराव झाला.

“तुमचा तो थेंबही जड आहे म्हणे?” गळती अभियंत्यांनी सहज विचारलं.

“छे, तो कसला जड,” नेटवाली म्हणाली. थेंब साहेबांच्या व्हिडिओच्या निम्मा होता. पण आपला तो बाब्या, हे काय एकट्या संचालकांनाच लागू होतं असं नाही.

पान हलकं करता येत नाही, तेव्हा बघणारे कमी करायचे, हे ओघानेच आलं. गळती अभियंता उठून उभे राहिले. “पाणी कमी पडलं की आपण काय करतो?”

“दिवसाआड,” सगळी खोली एका सुरात म्हणाली.

झालं. नदीकाठच्या भागाला सम तारखेला वेबसाइट, टेकडीच्या भागाला विषम तारखेला. टेकडीवाल्यांना धरणाची सूचना कशाला हवी, असं नेटवालीने विचारून पाहिलं. त्यावर, नागरिकांत भेदभाव करणं विभागाच्या धोरणात बसत नाही, असं तिला समजावून सांगण्यात आलं. ज्यांचा वार नसेल त्यांना दिलगिरीचं पान दिसू लागलं: ‘आज आपल्या भागास वेबसाइट नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ नुसत्या शब्दांची दिलगिरी कोरडी वाटते, म्हणून त्याच्यावर संचालकांचा दिलगीर चेहऱ्याचा नवा फोटो घेण्यात आला. तोही फलकाएवढा होता.

आता लोक म्हणजे लोकच. एक दिवसाआड मिळणारी वस्तू कोणी जपून वापरतं का? ज्यांनी जन्मात कधी धरणाची पातळी पाहिली नव्हती, तेही आपल्या वाराला पहाटे उठून वेबसाइट भरून ठेवू लागले. नवऱ्याच्या फोनवर, बायकोच्या फोनवर, पोरांच्या फोनवर. न जाणो, परवा मिळेल न मिळेल. शेजारणी एकमेकींना विचारू लागल्या, “तुमच्याकडे आली का हो आज?” आणि “आली, पण अगदी बारीक,” असं उत्तर येऊ लागलं. महिन्याचा डेटा पहिल्या आठवड्यातच निम्म्याच्या खाली गेला.

“मागणी वाढलीय,” गळती अभियंता म्हणाले. “दाब कमी करा.”

दाब कमी केला. साइट रांगत उघडू लागली. थेंब अर्ध्यावर येऊन हवेतच लटकायचा. लोकांना वाटायचं अडकलं, मग ते पुन्हा दाबायचे, पुन्हा दाबायचे, आणि प्रत्येक दाबण्याला साहेबांचा अख्खा कोट नव्याने निघायचा. ज्या भागांत साइट पोचेना, तिथे टँकर सुरू करण्यात आला. टँकर म्हणजे मोटारसायकलवरचा एक शिपाई आणि त्याच्या खिशातला पेन ड्राइव्ह. त्यात आदल्या दिवशीची वेबसाइट भरलेली असे. पुढे ‘डेटा टँकर’ अशी पाटी होती. लोक फोन घेऊन रांगा लावत, आणि पेन ड्राइव्ह कोणाच्याच फोनला लागत नसे. तरी टँकर वेळेवर येतो याबद्दल समाधान होतं, आणि रांगेत पुढे घुसण्यावरून एक मारामारीही झाली.

शेवटचा उपाय संचालकांनी स्वतः सुचवला. “धरणात तळाचं पाणी आपण कधी काढत नाही. मृतसाठा म्हणून राखून ठेवतो. डेटाचाही ठेवा.”

“साहेब, धरणात तळाला गाळ असतो म्हणून ठेवतो,” नेटवाली म्हणाली. “इथे शेवटचा डेटासुद्धा पहिल्यासारखाच स्वच्छ असतो.”

“मग तर जपायलाच हवा.”

त्याप्रमाणे महिन्याच्या डेटाचा मोठा हिस्सा कुलूपबंद झाला. आणीबाणीत तो वापरता येणार होता, पण त्यासाठी विशेष बैठकीची मंजुरी लागणार होती, आणि विशेष बैठकीची सूचना वेबसाइटवरून देण्यात येणार होती.

नेटवालीने हे सगळं अमलात आणलं, हेही सांगितलं पाहिजे. ती प्रत्येक बैठकीत एकदा विरोध करायची आणि घरी जाताना आपण विरोध केला म्हणून बरं वाटून घ्यायची. नोकरी करणाऱ्याला पोटापाण्यासाठी एवढा विरोध पुरतो. फक्त दादाचा फोन आला की तिचा जीव कासावीस व्हायचा.

“आज विषम तारीख,” तो चेष्टेने म्हणायचा. “आज पूर आला तर नदीला सांगतो, बाई उद्या ये.”

आणि झालंही तसंच. वरच्या डोंगरांत पाऊस लागून राहिला होता. दुपारी धरणावरून निरोप आला: पातळी धोक्याच्या रेषेला टेकली, संध्याकाळी दरवाजे उघडावे लागणार. तारीख विषम होती. चालू डेटा संपला होता आणि उरला होता तो मृतसाठा. संचालक पाणी बचतीवर भाषण द्यायला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. नेटवाली निरोपाचा कागद घेऊन गळती अभियंत्यांकडे धावली.

त्यांनी कागद वाचला, तारीख पाहिली. “नदीकाठाचा वार उद्या आहे. उद्या कळेल त्यांना.”

“सर, पाणी आज येणार आहे.”

“मग ते वेळापत्रक सोडून येतंय,” अभियंता म्हणाले. “त्याला आपण जबाबदार नाही.”

ती आपल्या जागेवर येऊन बसली. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती आणि वहिनीची कलमंही दिसत होती. मग तिने पानावरून संचालकांचा फोटो काढला. व्हिडिओ काढला. थेंबावर क्षणभर थांबली, आणि तोही काढला. कुलूप उघडून मृतसाठ्यातला ओंजळभर डेटा घेतला आणि कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली: ‘धरणाचे दरवाजे आज संध्याकाळी उघडणार. नदीकाठ रिकामा करा.’ वारबीर सगळे काढून टाकले. आता अख्ख्या शहराने एकाच वेळी उघडलं असतं, तरी ते पान दमलं नसतं. तिने आपल्या फोनवर उघडून पाहिलं. पापणी लवायच्या आत ओळ समोर उभी. इतक्या वर्षांच्या नोकरीत आज पहिल्यांदा आपण काहीतरी केलं, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

तिने दादाला फोन लावला.

“दादा, साइट बघितलीस?”

“बघितली ना. फसवणूक आहे ती. उघडूच नकोस.”

“काय?”

“अगं, नदीकाठच्या ग्रुपवर आत्ताच ठरलं. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, आज आपला वार नसताना साइट आली, हे कसं? वर साहेबांचा फोटो नाही. थेंब नाही. आणि दाबल्या दाबल्या उघडली. मला तर तिथेच संशय आला. विभागाची साइट इतक्या लवकर कधी उघडते का?”

“दादा, ते पान मी टाकलंय. आत्ता. माझ्या हाताने.”

“साहेबांना विचारून टाकलंस?”

“नाही.”

“मग अधिकृत नाही ना ते.”

“पाणी अधिकृत येणार आहे, दादा,” ती ओरडली. “तू उचल सगळं. माझ्यावर विश्वास आहे की त्या कोटावर?”

“तुझ्यावर आहे गं,” दादा कुरकुरत म्हणाला. “पण टेम्पो बेकरीवाल्याचा आहे. त्याचा कोटावर आहे.”

बेकरीवाल्याने टेम्पो दिला नाही. उलट त्याने ग्रुपवर लिहिलं की काही लोक अफवा पसरवत आहेत, आणि त्याखाली विभागाच्या जुन्या पानाचं चित्र जोडलं, खरं पान कसं असतं ते लोकांना ओळखता यावं म्हणून. त्याच्यात साहेब हसत होते. लोकांना धीर आला. दादा आणि वहिनी तेवढे हातांनी कुंड्या उचलत बांधावर खेपा घालत राहिले, आणि आजूबाजूचे त्यांच्याकडे बघून माना हलवत राहिले.

संध्याकाळी दरवाजे उघडले.

जीव कोणाचा गेला नाही. पाणी गुडघ्याला लागल्यावर लोकांना सूचना पटली आणि ते पळाले. बेकरी बुडाली, टेम्पो बुडाला, आणि रोपवाटिका तर होती की नव्हती अशी झाली. पंप गेला. कलमं गेली. वहिनी बांधावर बसून होती, तिच्यापुढे वाचलेल्या थोड्या कुंड्या होत्या, आणि ती कोणाशीच बोलत नव्हती. रात्री नेटवाली तिथे पोचली तेव्हा वहिनी तिच्याशीही बोलली नाही.

विभागाने तातडीने चौकशी लावली. मृतसाठ्यातून विनापरवाना उपसा झाल्याचं सिद्ध झालं. संचालकांचा फोटो नसलेलं पान प्रसिद्ध करून नागरिकांत संभ्रम निर्माण केल्याचंही सिद्ध झालं, आणि साक्षीला बेकरीवाला होता. नेटवालीची बदली टँकरवर करण्यात आली. उरलेला मृतसाठा महिनाअखेरपर्यंत जसाच्या तसा राहिल्यामुळे डेटा बचतीचं प्रशस्तिपत्र विभागाला मिळालं. ते स्वीकारतानाचा संचालकांचा फोटो आता वेबसाइटवर सगळ्यात वर आहे. त्याखाली, होडीत बसून पूरग्रस्त भागाची पाहणी करतानाचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

सूचनेचं ते कोरं पान किती जणांनी वाचलं, याची चौकशी कोणी केली नाही. पण त्याच संध्याकाळी पुलावरून कोणीतरी एक व्हिडिओ काढला होता. कंबरभर पाण्यात एक माणूस डोक्यावर कुंडी धरून चाललाय. तो घसरतो, उठतो, पुन्हा घसरतो, पण कुंडी काही सोडत नाही. कोणीतरी त्याला गमतीदार संगीत लावलं. विभागाने वर्षभरात जेवढा डेटा पाठवला नसेल, तेवढा त्या एका रात्रीत त्या व्हिडिओने खाल्ला. चांगला जड होता, उघडायला वेळ लागायचा, गोल गोल फिरत राहायचं. पण कोणी तक्रार केली नाही, कोणी खरं-खोटं विचारलं नाही, आणि कुठल्याही भागाला त्याचा वार लागला नाही.

तुमच्याकडेही आला असेल तो. तुम्ही उघडेपर्यंत थांबला असाल, पोट धरून हसला असाल, आणि घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल. तो नेटवालीचा दादा होता.